चौथीला न मिळालेली पताका

मित्रांनो, तुम्ही मला आज पाहिलेत तर पायपुसणे समजाल. मी रागावणार नाही. माझा एक कोपरा उंदरांनी खाल्ला आहे, अक्षरे जेमतेम दिसतात आणि शाळेच्या कपाटात नकाशांच्या गुंडाळ्यांमागे मी कित्येक वर्षे पडून आहे. पण मी पताका आहे, आणि तीही साधीसुधी नाही, पूर्ण हजेरीची. एके काळी दीडशे मुले माझ्यासाठी पहाटे उठत असत. मला त्याचा फार गर्व होता, हे आधीच कबूल करते.

माझा जन्म जेजू बेटावरचा, पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावातला. भर उन्हाळ्यात गाम नावाच्या झाडाची हिरवी, तुरट फळे उखळात कुटली, त्यांचा रस सुती कापडात मुरवला आणि ते कापड उन्हात वाळत घातले. रोज भिजवायचे, रोज वाळवायचे. दहा-बारा दिवसांत कापड तपकिरी झाले आणि असे कडक झाले की खारे पाणी लागले तरी कुजू नये. ज्या बाईने हे केले तिला सगळे मालजाची आई म्हणत. ती समुद्रात बुड्या मारून शंख-शिंपले काढणारी पाणबुडी बाई होती. तिला लिहिता येत नव्हते. मोठ्या गुरुजींनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, खडूने आखून दिलेल्या अक्षरांवर तिने पांढरा दोरा चालवला, आणि काय लिहिले आहे ते शेवटी त्यांनाच विचारले.

मला बनवण्याचे कारण असे. युद्ध संपून काही वर्षे झाली होती. शाळा उभी राहिली, पण बाके रिकामी राहत. आया समुद्रात, बाप दूरच्या बोटींवर, मग धाकट्या भावंडांचा पाळणा कोण हलवणार आणि गुरे कोण बघणार? मोठ्या गुरुजींनी रागावून पाहिले, घरोघरी जाऊन पाहिले. शेवटी त्यांनी मला बनवून घेतले. नियम सोपा होता. आठवडाभर ज्या वर्गात एकही गैरहजेरी नाही, त्या वर्गाच्या दाराला शनिवारी दुपारी मला टांगायचे.

काय सांगू तुम्हाला, जादू झाली. पायात काटा मोडलेली मुले लंगडत आली. डोक्यावर पोते घेऊन मुले भर वाऱ्यात दोन मैल चालत आली. सहावीने मला सलग सात आठवडे सोडले नाही. येता-जाता मुले मला हात लावत, नवी मुले माझ्याकडे टक लावून बघत. सारी शाळा माझ्याच जिवावर चालली आहे, असे मला वाटू लागले.

फक्त चौथीच्या दारावर मी कधी गेले नाही. चौथीत तेवीस मुले होती. बावीस रोज हजर असत आणि एक नाव दर आठवड्याला चुकत असे. ते नाव होते बू मालजा. होय, मला शिवणाऱ्या बाईचीच ती मुलगी. घरी आठ महिन्यांचा भाऊ होता. ज्या दिवशी भरती-ओहोटी आईच्या कामाला सोयीची असे, त्या दिवशी मालजा शाळेत नसे.

मुलांचे तोंड तुम्हाला माहीत आहेच. ती वर्गात आली की कोणीतरी म्हणे, "आज वाट चुकलीस का?" दुसरा म्हणे, "पाहुणीला बसायला द्या रे." मालजा हसून बाकावर बसे. मी सहावीच्या दारावरून हे ऐके, आणि खरे सांगते, मलाही ती मुलगी अडचणीचीच वाटत असे. माझ्यासारख्या पताकेचा मान कसा ठेवावा हे तिला कळत नाही, असे मी मनाशी म्हणे.

शाळेत आणखी एक नियम होता. वर्षात तीस गैरहजेऱ्या झाल्या की हजेरीपुस्तकातून नाव कमी. मार्च महिना उजाडला, वर्ष संपायला दोन-तीन आठवडे उरले आणि मालजाच्या एकोणतीस झाल्या. चौथीतल्या मुलांनी हिशेब केला. तिचे नाव गेले की वर्गात बावीसच, आणि बावीस तर रोज असतातच. मग पताका आपली. एका दुपारी क्युसॉन नावाचा त्यांचा मॉनिटर ह्यॉन बाईंकडे गेला आणि म्हणाला, "बाई, मालजाचं नाव आत्ताच काढलं तर चालणार नाही का? तसंही जाणारच आहे."

ह्यॉन बाई चौथीच्या वर्गशिक्षिका होत्या. त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तू जाऊन तिला विचार. ती हो म्हणाली तर मी मोठ्या गुरुजींशी बोलते. आणि जातोच आहेस तर ही पताका घेऊन जा. वाऱ्याने शिवण उसवली आहे, तिच्या आईकडे दे."

अशी त्या गुरुवारी मी क्युसॉनच्या खांद्यावर बसून निघाले. सोबतीला मालजाची शेजारीण बोंगने होती, चौथीतलीच. बोंगनेची जीभ सुरीसारखी. घर अगदी समुद्राला लागून होते. अंगणात बांबूचा लांबट पाळणा होता. मालजा एका पायाने तो हलवत होती आणि हातांनी वाळलेली रताळी निवडत होती.

"पताका उसवलीय. तुझ्या आईकडं द्यायचीय," क्युसॉन म्हणाला.

"ठेव त्या दगडावर." तिने मान वर केली. "आणि दुसरं काम?"

"दुसरं कुठलं?"

"बोंगनेचं तोंड बघूनच कळलं मला. माझं नाव काढायला आलात ना?"

क्युसॉन पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. बोंगनेच बोलली, "येत नाहीस तर नाव अडवून कशाला ठेवतेस? बावीस जणांनी तुझ्यापायी किती दिवस तोंड पाडून बसायचं?"

"तुम्हाला काढायची गरजच पडणार नाही," मालजा म्हणाली. "शनिवारी समुद्र उघडणार. आज सकाळी बायकांनी शेकोटीपाशी बसून ठरवलं. मियॉक कापायचा पहिला दिवस, घरी कोण राहणार? तिसावी त्या दिवशी लागेल."

मियॉक म्हणजे समुद्राच्या तळाशी वाढणारा लांब पट्ट्यांचा पाला. बाळंतिणीला त्याचेच सार देतात. तो वाढेपर्यंत त्याच्या कापणीला समुद्र बंद ठेवतात, शंख-शिंपले तेवढे काढू देतात, आणि मग एके दिवशी सगळे गाव एकदम उतरते. पहिल्या दिवशी जेवढा हाती लागेल त्यावर वर्ष निघते.

"मग नाव गेल्यावर काय करणार तू?" क्युसॉनने विचारले.

"शहरात जाणार. आईच्या ओळखीतल्या एका घरी मूल सांभाळायला. शाळेत नाव नाही तर घरी बसवून काय करायचं, असं ठरलंय." तिने पाळण्याला पाय लावला. "तिथंही पाळणाच आहे. फक्त दुसऱ्याचा."

 क्युसॉन वळला आणि त्याला घराभोवतीचे काळ्या दगडांचे कुंपण दिसले. मलाही तेव्हाच दिसले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दगडादगडावर शिंपल्याच्या तुकड्याने पांढरी गणिते लिहिली होती. भागाकार होते, अपूर्णांक होते.

"हे कुणी केलं?"

"कुंपणानं," मालजा म्हणाली. "काल तुझं सातवं गणित चुकलं असणार. बोंगनेच्या वहीत ते चुकलंय, आणि तू तिचंच बघतोस."

"माझी वही तुला कुणी दिली?" बोंगने ओरडली.

"तुझ्या बहिणीनं. एका रताळ्याला एक दिवस देते. तुझ्यापेक्षा व्यवहारी आहे ती."

क्युसॉन कुंपणाच्या कडेकडेने चालत गेला. शेवटची चार गणिते वर्गात अजून शिकवलीच नव्हती. तो परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मित्रांनो, माझ्यासाठी काटा मोडल्या पायाने धावणारी मुले मी पाहिली होती. पण कोणी बघत नसताना, कोणतेही बक्षीस नसताना कुंपणाच्या दगडांवर शाळा भरवणारी मुलगी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मी कापडाची आहे, पण माझ्या अंगावर शहारा आला.

इतक्यात समुद्राकडून शीळ आली. पाणबुड्या बाया वर आल्या की कोंडलेला श्वास सोडतात, त्याची ती शीळ. गावातली मुले ती जन्मापासून ऐकतात, त्यामुळे कोणी वळूनही बघत नाही. त्या दिवशी क्युसॉनने वळून बघितले. मालजाची आई वाळक्या भोपळ्याला धरून क्षणभर तरंगली आणि पुन्हा खाली गेली. क्युसॉनने तिच्याबरोबर श्वास धरला. थोड्या वेळाने त्याने तो सोडला, पुन्हा धरला, पुन्हा सोडला. पाणी अजून सपाटच होते. तिसऱ्यांदा त्याने श्वास धरला नाही, तो नुसता मुठी आवळून उभा राहिला. मग ती वर आली.

ती काठावर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. दात वाजत असतानाही तिने विचारले, "काय रे, शाळेच्या छपराचे पत्रे अजून गळतात का?"

"नाही, सामचुन," क्युसॉन म्हणाला. गावातल्या कुठल्याही वडीलधाऱ्याला मुले अशीच हाक मारतात.

"त्या दोन खडकांच्या मधला समुद्र शाळेचा आहे. तिथलं एक शिंपलंही आम्ही घरी नेत नाही. दोन वर्षं तिथला माल विकून पत्रे घेतले." ती शेकोटीपाशी बसली. "छप्पर आम्ही केलं. आत बसायचं काम तुमचं."

बोंगने हळूच म्हणाली, "मग मालजाला का नाही पाठवत, सामचुन?"

बाईने निखाऱ्यांवर हात धरले. "दोन हात आहेत मला, पोरी. शनिवारी दोन्ही पाण्याखाली असतील. पाला वर कोण वाहणार? बाळाला कोण बघणार?"

परत जाताना दोघेही नाव काढण्याचे विसरले, की त्यांनी मुद्दामच विचारले नाही, कोण जाणे. मी शिवणीसाठी तिथेच राहिले. त्यामुळे शुक्रवारी चौथीच्या वर्गात काय शिजले ते मला कळले नाही.

शनिवारी सकाळी मालजाच्या आईने माझा शेवटचा टाका तोडला आणि विळा उचलला. मालजा पाळणा पाठीला बांधत होती. तेवढ्यात अंगणात पावले वाजली. चौथीचा अख्खा वर्ग आला होता, बावीस मुले. काहींच्या हातात टोपल्या होत्या, काहींच्या खांद्यावर वाहायच्या काठ्या होत्या.

बोंगनेने पाळण्याचा दोर ओढला. "दे इकडं. शाळेत जा तू."

"आणि हे सगळं?"

"आम्ही आहोत ना."

"तुमची गैरहजेरी लागेल."

"लागू दे. माझ्या चारच झाल्यात, त्याही पताका यायच्या आधीच्या. क्युसॉनची तर चार वर्षांत एकसुद्धा नाही. त्याला जरा चव कळू दे."

सगळे हसले. क्युसॉन मात्र हसला नाही. सहा वर्षे पूर्ण हजेरी लावणाऱ्याला मिळणाऱ्या प्रशस्तिपत्रकासाठी त्याच्या आजोबांनी भिंतीवर आधीच खिळा ठोकून ठेवला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. तो मालजाकडे न बघता म्हणाला, "जा लवकर. उशीर झाला तर ह्यॉन बाई बाहेर उभं करतात."

मालजाच्या आईने माझी घडी करून मुलीच्या हातात दिली.  एकदा बावीस जणांकडे बघून तिने मान खाली घातली आणि पाण्याकडे चालू लागली.

चौथीच्या वर्गात त्या दिवशी तेवीसपैकी एक मुलगी बसली होती. मी तिच्या मांडीवर होते. ह्यॉन बाई आत आल्या आणि त्यांनी रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली. मग हजेरीपुस्तक उघडून पहिले नाव वाचले. उत्तर आले नाही. त्यांनी तिथे खूण केली आणि दुसरे नाव वाचले. एकही नाव त्यांनी गाळले नाही, एकदाही आवाज बदलला नाही. सतरावे नाव आले.

"बू मालजा."

"हजर."

उरलेली सहा नावेही त्यांनी तशीच वाचली. मग फळ्याकडे वळून त्यांनी रोजच्यासारखी तारीख लिहिली आणि शिकवायला सुरुवात केली.

दुपारी मोठे गुरुजी आले. "बाकीचे कुठे आहेत?" त्यांनी विचारले. बाईंनी खिडकीकडे बोट केले. खाली किनाऱ्यावर मुले जोडीजोडीने ओला मियॉक काठीवर लादून खडकांवरून वर आणत होती, घसरत होती, पुन्हा उठत होती. एका खडकाच्या आडोशाला क्युसॉन पायाने पाळणा हलवत होता, आणि पाळणा दोनदा उलटता उलटता वाचला.  गुरुजींनी चष्मा पुसला. पण ते नियमाचे पक्के होते. "सहावी पूर्ण आहे," ते म्हणाले. "पताका सहावीची." त्यांनी मला उचलले. जाताना दारात थांबून ते म्हणाले, "ह्यॉन बाई, पुढच्या वर्षीपासून या दिवशी शाळेला सुट्टी ठेवू."

मी पुन्हा सहावीच्या दारावर गेले. तिथून समुद्र दिसतो. शाळा सुटल्यावर मालजा पळत खाली गेली. दमलेली बावीस मुले खडकांवर बसली होती, कोणाच्या खांद्यावर अजून पाला लोंबत होता. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि त्या दिवशी वर्गात जे झाले ते सगळे तिने त्यांना शिकवले. तिचा आवाज माझ्यापर्यंत येत नव्हता. पण तिचे हात मला दिसत होते, आणि ते बघताना मला माझ्या सात आठवड्यांच्या गर्वाची लाज वाटली.

उरलेले दोन-तीन आठवडे वर्गाने पाळीपाळीने पाळणा सांभाळला, तिसावी लागली नाही आणि मालजा एप्रिलात पाचवीत गेली. शहरातल्या त्या घराने दुसरी मुलगी शोधली. क्युसॉनच्या आजोबांनी भिंतीवरच्या खिळ्याला टोपी अडकवली. पुढे मोठे गुरुजी निवृत्त झाले, गावातली मुले कमी झाली आणि मला कपाटात ठेवले गेले. कोणी मला धुऊन, नीट घडी करून ठेवले तर आवडेल, पण तो माझा हट्ट नाही.

माझे मागणे वेगळे आहे. मित्रांनो, हजेरीला बक्षीस जरूर ठेवा, त्याने पावले शाळेकडे वळतात. पण एखादे बाक वारंवार रिकामे दिसले, तर त्या नावावर चिडण्याआधी त्या घरापर्यंत एकदा चालत जा. तिथे कोणीतरी पाळणा हलवत बसलेले असेल, आणि कदाचित तुमच्यापेक्षा चार गणिते पुढे असेल.