निधीवाल्या मॅडम स्टुलावर बसतात

गुरुवारी निधीवाल्या मॅडम खोली बघायला येणार, असा निरोप आला आणि ताई पहिली कुठे धावली असेल, तर शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडे. एक गादीची खुर्ची दिवसभरासाठी मागून आणायला.

"चांगली खुर्ची कशाला?" सासूबाईंनी विचारलं. "आपलं स्टूल काय वाईट आहे?"

"अहो आई, त्या स्टुलावर बसलं की काय होतं, ते तुम्हाला माहीत नाही का?"

सासूबाईंना ते चांगलंच माहीत होतं, कारण तो नियम त्यांनीच घातलेला. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर ताई चालवत असलेल्या 'विचारणा मंडळा'ची एकच खोली होती. दर गुरुवारी वस्तीतली चाळीसेक माणसं तिथे जमत. मतदारयादीतून नाव कसं गळलं, गल्लीतला दिवा कुणाच्या सहीअभावी अडलाय, पोलीस चौकीत बोलावलं तर सोबत कुणाला नेता येतं, असल्या गोष्टी विचारायला शिकत. आणि ज्याला विचारायचं, त्यालाच खोलीत बोलावून मधल्या लाकडी स्टुलावर बसवत. बसणाऱ्याला तीन प्रश्न. त्याला मध्येच तोडायचं नाही, हसायचं नाही. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांत ते लेखी आणून द्यायचं. पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर त्या स्टुलावर बसून गेले होते, फौजदार बसले होते, नगरसेवक तर दोनदा. दुसऱ्यांदा येताना ते कागद घेऊनच आले.

पण निधीवाल्या मॅडमची गोष्ट वेगळी होती. आधीच्या संस्थेची मदत संपली होती आणि छापखानेवाल्या शेठना कागदाची रिमं ठेवायला जागा हवी होती. "ताई, महिनाअखेरपर्यंत थांबतो. पुढे माझाही नाइलाज," असं त्यांनी हात जोडून सांगितलं होतं. मॅडमच्या संस्थेचा निधी मिळाला तर तीन वर्षांचं भाडं सुटणार होतं. नाही मिळाला, तर चाळीस माणसांनी जिन्यात उभं राहून प्रश्न विचारायचे.

त्या अर्जापायी ताईने दोन महिने काढले होते. लेक झोपली की एक पान, लेक उठली की अर्धं. मानवी हक्क आणि लोकशाही मूल्यांचे संवर्धन, असं वर लिहिलेलं. खाली एका रकान्यात 'परिणाम कसे मोजणार?' असा प्रश्न. त्यावर निवृत्त बस कंडक्टरकाका म्हणाले होते, "माणूस किती धीट झाला, ते कुठल्या मापाने मोजायचं? आम्ही आपली तिकिटं मोजायचो!" शेवटी ताईने लिहिलं, 'गेल्या वर्षी बैठकीत बोललेल्या बायका नऊ, यंदा एकतीस.' तेवढं एक वाक्य तिला स्वतःला आवडलं होतं.

गुरुवार उजाडला. खोली झाडून पुसून लख्ख केलेली. गादीची खुर्ची खिडकीपाशी, स्टूल कोपऱ्यात भिंतीकडे सरकवलेलं. ताईने सगळ्यांना बजावलं, "आज कुणी काही विचारायचं नाही. त्या विचारतील, आपण सांगायचं."

"म्हणजे आज आपण पाहुणे आणि त्या घरच्या," बटणांचं दुकान चालवणारी मावशी पुटपुटली.

मॅडम वेळेवर आल्या. साध्या, उंच, खांद्याला भलीमोठी पिशवी. जिना चढून दम लागलेला. ताई "या, बसा" म्हणत खुर्चीकडे वळली आणि जागीच थबकली. तिची सव्वा वर्षाची छकुली त्या गादीवर ऐसपैस बसली होती, आणि तिने आपला कार्यभाग नुकताच उरकला होता. गादीवरून थेंब थेंब जमिनीवर गळत होते. छकुली स्वतःच्या पराक्रमावर बेहद्द खूश.

"अगं बाई!" ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

"असू दे हो," मॅडम हसल्या. "मला दोन आहेत." आणि कोपऱ्यातलं स्टूल एका हाताने ओढून, खोलीच्या मधोमध ठेवून, त्या खुशाल त्यावर बसल्या.

खालून फक्त छापखान्याचं खडाक-खडाक. चाळीस माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. कंडक्टरकाकांनी घसा साफ केला. ताई त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होती, पण सवय ती सवय.

"पहिला प्रश्न," काका उभे राहिले. "हे पैसे येतात कुठून?"

मॅडम क्षणभर गोंधळल्या. मग म्हणाल्या, "काही परदेशी सरकारांकडून, काही लोकांच्या देणग्यांतून. नावं छापलेली असतात. यादी पाठवते."

"दुसरा," बटणवाली मावशी उठली. "तुमचा फॉर्म एकोणतीस पानी का? ताईच्या डोळ्यांखाली बघा काय झालंय ते!"

हसायचं नाही हा नियम तिथेच मोडला. मॅडमसुद्धा हसल्या. "आधी चाळीस पानांचा होता. मीच भांडून कमी केला. अजून भांडायला हवं, हे मान्य."

ताईचा जीव जरा भांड्यात पडतोय, तोवर सासूबाई उठल्या. अर्जासोबत आलेला करारनामा ताईने गेल्या आठवड्यात घरी वाचून दाखवला होता, छकुलीला भरवता भरवता. सासूबाई तेव्हा डोळे मिटून बसल्या होत्या. झोप लागली असेल, असं ताईला वाटलं होतं.

"चौदावं कलम," सासूबाई म्हणाल्या. "मंडळाने निधी देणाऱ्यांबद्दल चारचौघांत टीका करायची नाही, असं आहे त्यात. बाई, आम्ही इथे नगरसेवकाला विचारतो, फौजदाराला विचारतो. मग तुम्हाला का विचारायचं नाही?"

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी पिशवीतून कागद काढला, चौदावं कलम दोनदा वाचलं. मग ताईकडे वळल्या. "ताई, तुमचं काय म्हणणं? करारावर सही तुमचीच व्हायची आहे."

सगळी खोली ताईकडे बघायला लागली. सांभाळून घेणं अगदी सोपं होतं. आईंचं वय झालंय, त्यांचं मनावर घेऊ नका, असं म्हटलं की झालं. शब्द ओठांपर्यंत आलेही. समोर सासूबाई ताठ उभ्या होत्या, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. याच बाईने तिला बाळंतपणानंतर चाळिसाव्या दिवशी म्हटलं होतं, "जा, तुझी बैठक आहे, पोर मी बघते."

"कलम मी वाचलं होतं," ताई म्हणाली. "वाचून गप्प बसले. सही करणार होते, कारण खोली जाईल या भीतीने माझी झोप उडालीय. पण आईंचं बरोबर आहे. ते कलम असताना इथे बसून लोकांना विचारायला शिकवणं मला जमणार नाही."

बोलून झालं. दोन महिने, एकोणतीस पानं, सगळं पाण्यात.

मॅडमनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "याचं उत्तर माझ्याकडे नाही. हे कलम कोणी घातलं, कधी घातलं, कोणी कधी विचारलंच नाही."

"मग पंधरा दिवस," कंडक्टरकाका अदबीने म्हणाले आणि वही पुढे केली. "इथे सही."

मॅडमनी निमूटपणे सही केली, चहा घेतला, छकुलीचा गाल ओढला आणि गेल्या.

पुढचे दिवस ताईने कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक. घरात भांडी जरा जास्तच वाजत होती. सासूबाई एकदाच म्हणाल्या, "माझ्यावर राग आहे का गं?" ताई म्हणाली, "आहे. पण उद्या जाईल." तो दुसऱ्या दिवशी खरंच गेला.

बाराव्या दिवशी लखोटा आला. ताईने तो घरी फोडलाच नाही. गुरुवारी सगळ्यांसमोर उघडला आणि मोठ्याने वाचला. चौदावं कलम काढलं होतं, फक्त त्यांच्यासाठी नव्हे, सगळ्याच संस्थांच्या करारातून. निधी मंजूर झाला होता, तीनऐवजी दोन वर्षांचा.

"एक वर्ष कुठे गेलं?" बटणवाली मावशी लगेच म्हणाली.

"ते विचारू की पुढे," ताई डोळे पुसत हसली. "आधी हे ठरवा. घ्यायचा का? हात वर करा."

हात वर गेले. कंडक्टरकाकांचे दोन, त्यातला एक मावशीने खाली ओढला. ताईने मोजले आणि थांबली.

"आई, तुमचा हात? अजून काही शंका आहे का?"

"अगं, एका कडेवर ही, एका हातात हिची दुधाची बाटली," सासूबाई वैतागल्या. "वर करू काय, डोकं?"

तेवढ्यात छकुलीने आपला इवलासा, चिकट हात सगळ्यांचं बघून उंच केला.

"हे मत धरायचं का?" काकांनी पेन्सिल थांबवली.

"छे, वयात बसत नाही," ताई म्हणाली, आणि पुढे होऊन तिने लेकीला आपल्याकडे घेतलं. सासूबाईंचा हात मोकळा झाला.