खाकी पिशवी आणि शेवटची दोन पाने

मी एक जुनी खाकी पिशवी आहे. श्रीरामपुरातल्या एका ग्रंथालयात, झाडूच्या शेजारच्या खिळ्याला मी टांगलेली असते. माझा एक बंद तुटला आहे आणि अंगावर एक काळपट डाग आहे. तो शाईचा नाही, गुळाचा आहे. तो कसा पडला, तेच मी तुम्हाला सांगणार आहे.

मित्रांनो, माझा जन्म कानिफनाथ शिंप्याच्या दुकानात झाला. शाळेच्या चड्ड्या शिवून जाड खाकी कापड उरले होते. त्यातून त्याने मला शिवले आणि तळाला दुहेरी शिलाई घातली. "पुस्तकांचं वजन लई असतंय," असे तो म्हणाला होता.

आमच्या ग्रंथालयात पुरुष वर्तमानपत्रे वाचायला येत. बायका मात्र त्यांच्यामधून आत यायला संकोचत. त्यामुळे प्रेमाच्या कादंबऱ्या कपाटात तशाच पडून राहत आणि त्यांना वाळवी लागे. ग्रंथपाल रंगनाथराव यांना याचे वाईट वाटे. एके दिवशी त्यांनी कादंबऱ्या माझ्यात भरल्या आणि झाडलोट करणाऱ्या रतनबाईंना म्हणाले, "बाया इथं येत नाहीत, तर आपण त्यांच्याकडे जाऊ."

रतनबाईंना वाचता येत नव्हते. पण पुस्तक परत घेताना त्या ओट्यावर बसकण मारून विचारत, "कशी काय निघाली गोष्ट?" वाचणारी सगळी गोष्ट सांगे. रतनबाई ती मनात ठेवत आणि पुढच्या घरी अर्धीच सांगत. नायिका विहिरीवर एकटी उभी आहे, मागून पावले वाजत आहेत, एवढ्यावर त्या थांबत आणि मला खांद्याला लावून उठत.

"अगं मावशी, कोन हुतं मागं?"

"मला ठावं हाय, पन सांगनार न्हाई. पुस्तक घे."

एकदा एक सासू कुरकुरली, "तुमच्या पुस्तकापायी आमची सून भाकऱ्या करपवती."

रतनबाई शांतपणे म्हणाल्या, "मग तुमी बी घ्या एक. दोघी मिळून करपवा."

ती सासू म्हणजे राहीबाई. त्यांनाही अक्षरओळख नव्हती. पण त्या दिवसापासून त्या बाजरी निवडायला बसत आणि सून मनकर्णा त्यांना मोठ्याने वाचून दाखवी. मनकर्णेचा नवरा सूर्यभान सैन्यात होता. घरात या दोघीच होत्या. रंगनाथराव माझी फार वाखाणणी करत. कपाट रिकामे दिसले की ते म्हणत, "पिशवीनं कमाल केली." मला तेव्हा फार अभिमान वाटे.

मग एकाहत्तर सालच्या थंडीत लढाई पेटली. घरोघरी रेडिओभोवती माणसे जमू लागली. सूर्यभानचे पत्र येईना. त्याच दिवसांत मी मनकर्णेकडे एक कादंबरी नेली होती. तिच्यातला नवरा बोटीवर गेलेला असतो आणि बायको रोज कंदील घेऊन बंदरावर त्याची वाट पाहते. शेवटी बोट येते. एकेक माणूस उतरू लागतो. आणि तिथेच पुस्तक संपत होते. पुढची दोन पाने फाटलेली होती.

मी पुस्तक घ्यायला गेले तेव्हा दोघी दारातच उभ्या होत्या.

राहीबाई म्हणाल्या, "रतनबाई, मी मनातल्या मनात कौल लावलाय. देवाला लावतो तसा. त्यो बोटीतनं उतरला, तर माझा सूर्यभान बी येनार."

"आत्याबाई, पुस्तकाला कुठं कौल लावत्यात का?" मनकर्णा म्हणाली. पण तिचेही डोळे रतनबाईंवरच खिळले होते. "मावशी, ही आधी कोनी वाचली हुती? तेवढं इचारून या ना."

ती आधी स्टेशनकडच्या बायडाबाईंनी वाचली होती. आम्ही तशाच त्यांच्या घरी गेलो.

"आमच्या पोराचे उद्योग," बायडाबाई म्हणाल्या. "पाटाला पानी सुटलं, तर यानं दोन पानं फाडून होड्या सोडल्या. पन मी त्याच्या आधीच वाचली हुती."

"उतरला का त्यो?"

"न्हाई गं. बोट रिकामी झाली. तिनं कंदील विझवला अन् घरी गेली."

परत येताना रतनबाई पाटाच्या कडेला बसल्या. त्यांनी मला मांडीवर घेतले होते. पाणी वाहत होते आणि त्या कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत होत्या. मग उठल्या, तोंडावर पाणी मारले आणि चालू लागल्या.

राहीबाई दारातच होत्या.

"उतरला," रतनबाई म्हणाल्या. "पन लवकर न्हाई. समदी उतरली, बोट रिकामी झाल्यागत वाटली, अन् मग त्यो आला. दाढी वाढलेली, खांद्यावर घोंगडी. सगळ्यांत शेवटी उतरला."

राहीबाईंनी आत जाऊन गुळाचा खडा आणला. थोडा रतनबाईंच्या तोंडात घातला आणि उरलेला माझ्यात टाकला. त्या खड्याला रतनबाईंनी पुढे हात लावला नाही. तो माझ्या अंगातच विरघळला.

लढाई संपली. बाजारपेठेत पेढे वाटले गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मनकर्णेच्या घरी तार आली. सूर्यभान रणांगणावर पडला होता. त्याचे शेवटचे दर्शनही घरच्यांना झाले नाही.

त्या दिवसापासून रतनबाईंनी ती गल्ली टाळली. त्यांनी गोष्टी सांगणेही सोडले. कोणी विचारले तर म्हणत, "तुमीच वाचा." मग पुस्तके कमी जाऊ लागली. माझा बंद तुटला, तो कोणी शिवला नाही. मी खिळ्यावर लटकू लागले आणि माझ्यावर धूळ बसली.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मनकर्णा स्वतः ग्रंथालयात आली. वर्तमानपत्र वाचणारे पुरुष खुर्च्या सरकवून बाजूला झाले. रंगनाथरावांनी त्या कादंबरीची नवी प्रत मागवली होती. मनकर्णेने ती मागितली आणि कपाटाशी उभ्यानेच शेवटची दोन पाने वाचली. रतनबाईंच्या हातातला झाडू थांबला.

मनकर्णा जवळ आली. "मावशी, त्यो उतरलाच न्हाई."

"न्हाई, पोरी. माझ्या जिभेवर दुसरं काय येईना."

"मी रागावले न्हाई. माझं मला कळलंय. पन आत्याबाई तुमचाच शेवट धरून बसल्यात. रोज सांजच्या गाडीला स्टेशनवर जात्यात. मानसं उतरली तरी हलत न्हाईत. म्हनत्यात, सगळ्यांत शेवटी उतरतोय त्यो." तिने पदराने तोंड पुसले. "मला सैपाक सोडून रोज जाता येत न्हाई. तुमी त्यांना घरी आनाल का?"

रतनबाईंनी झाडू भिंतीला टेकवला आणि खिळ्यावरून मला काढले. तुटक्या बंदाला गाठ मारली आणि माझ्यात पाण्याचा तांब्या ठेवला.

मित्रांनो, तेव्हापासून माझ्यात कादंबऱ्या नसतात. सांजेच्या गाडीला मी स्टेशनच्या बाकावर त्या दोघींच्या मध्ये असते. गाडी येते, माणसे उतरतात, फलाट रिकामा होतो. मग रतनबाई म्हणतात, "चला, राहीबाई. आज न्हाई." राहीबाई तांब्यातले घोटभर पाणी पितात आणि उठतात.

तुमच्या हाती पुस्तक आले, तर होडीसाठी त्याचे पान फाडू नका. कोरा कागद मागा, कोणीही देईल. आणि पुस्तक परत करण्याआधी शेवटचे पान जागेवर आहे ना, तेवढे बघत जा. पाटाचे पाणी त्या दोन होड्या केव्हाच घेऊन गेले. राहीबाई मात्र अजून गाडी रिकामी होण्याची वाट बघतात.