उलटायचा नमदा

१९९८ सालचा ऑक्टोबर. देश स्वतंत्र होऊन सात वर्षं झालेली, चौथीची मुलं दहा वर्षांची. नारिनजवळच्या गावशाळेत जिपारकुलबाईंनी बावीस मुलं जमिनीवर अंथरलेल्या एका लोकरीच्या नमद्यावर उभी केली, स्वतःही त्यावर चढल्या आणि तिसऱ्यांदा सांगितलं,

"जमिनीला पाय न लावता हा उलटायचा. कसा, ते तुम्ही मिळून ठरवायचं. मला विचारायचं नाही."

"मग कोणाला विचारायचं, एजे?" मागून एक मुलगा म्हणाला. बाईंना मुलं एजे, म्हणजे ताई, म्हणत.

बाईंनी डोळे मिटून घेतले. नागरिकशास्त्राचा शुक्रवारचा तास असाच जायचा. आज हेडमास्तर सातिबाल्दी तो बघायला येणार होते. त्यांना पटला नाही, तर तास गणिताला जाणार होता.

मुलं कुजबुजू लागली. एक कोपरा दुमडलासुद्धा. तेवढ्यात हेडमास्तर दारात आले आणि सगळी मुलं बाजूला सरकली. दारासमोरची, मानाची जागा रिकामी झाली.

"या आगाय, बसा," मुलं गुरुजींना म्हणाली.

उंच पांढरी टोपी सावरत ते नमद्यावर मांडी घालून बसले.

"चालू द्या."

जिपारकुलबाई त्यांच्या मांडीखाली दबलेल्या नमद्याकडे बघत राहिल्या. "मुलांनो, आता काय करायचं?"

"आगाय उठेपर्यंत थांबायचं."

"आणि ते उठलेच नाहीत तर?"

"तर पुढच्या शुक्रवारी."

"मेंढ्या बऱ्या," बाई पुटपुटल्या. मग मोठ्याने म्हणाल्या, "मत घेऊ. आगायनी उठावं, असं कोणाला वाटतं?"

एकच हात वर गेला. मेंढपाळाच्या मुलीचा, सैकालचा. बाकीचे आपापल्या मोज्यांकडे बघत राहिले. सैकालने वळून पाहिलं.

"एजे, तुम्हीपण नमद्यावरच आहात ना?"

जिपारकुलबाईंनी डोक्याचा रुमाल सोडला आणि पुन्हा बांधायला घेतला. दोन्ही हातांनी. गाठ बसायला बराच वेळ लागला.

हेडमास्तर गुडघ्यावर हात टेकून स्वतःच उठले. "एकवीस विरुद्ध एक. छान शिकवता, बाई. एवढं वळण हल्ली कुठे दिसतं? तास चालू ठेवा."

तास पुढे अठरा वर्षं चालला. सातिबाल्दी २००४ला निवृत्त झाले, आणि गावच्या प्रत्येक जेवणावळीत त्या तासाचं कौतुक करत राहिले. आता ते नाहीत. जिपारकुलबाई धाकट्या लेकाकडे असतात. त्या एकवीसांतले निम्मे रशियात बांधकामावर गेले. सैकाल कोचकोरच्या दवाखान्यात नर्स आहे. चौथीचं उरलेलं वर्ष ती त्याच वर्गात होती. शुक्रवारी मत द्यायची वेळ आली, की दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची.