माणूस येण्याआधी मारलेल्या दोन रेघा

मित्रांनो, दोंडाईच्याजवळच्या एका सरकारी दवाखान्यातलं मी जुनं रजिस्टर. मला कसर लागली आहे, माझ्या रागाला मात्र लागलेली नाही.

१९८८ साली मी आलं, तेव्हा लाल कापडी बांधणी होती माझी. नाव, गाव, रोग, औषध असे ऐसपैस रकाने. त्या भाद्रपदात डोळ्यांची साथ पसरली. कंपाउंडर तोतारामभाऊ सकाळीच पहिल्या ओळीत 'डोळे आले' लिहायचे आणि खाली पानभर दोन-दोन रेघा मारून ठेवायचे, म्हणजे 'वरीलप्रमाणे'. माणसं नंतर यायची.

अशीच सुंदरबाई आली. लहानपणी देवी येऊन तिचा डावा डोळा गेलेला. उजवा लालबुंद, पाणी गळणारा.

"मन्हा डोया उना नही, भाऊ. काल बाजरीनं पान लागनं. हाऊच एक डोया शे मले."

"अक्का, बठ्ठा गावना डोया उनात. तुन्हा येगळा शे का?"

साऱ्या गावाचे डोळे आले, मग हिचाही आलाच, असा भाऊंचा हिशोब; रेघा तयारच होत्या. भाऊंनी फक्त नाव भरलं आणि लाली उतरवणारे साथीचेच थेंब दिले. जखम झालेल्या डोळ्यात ते घातले तर जखम चिघळते. पण जखम लिहिली कोणी होती?

आठ दिवसांनी ती कण्हत आली. त्या दिवशी डॉक्टर होते. बाहेर ही गर्दी. त्यांनी टॉर्चसुद्धा लावला नाही, माझं पान उलटलं आणि म्हणाले, "तेच थेंब चालू ठेवा." माझ्यावर विसंबले हो ते! आणि माझ्याकडे होत्या फक्त दोन रेघा.

धुळ्याला नेईपर्यंत डोळा गेला. वर्षाअखेर तपासणीच्या साहेबांनी माझ्यावर शेरा मारला: 'नोंदी पूर्ण व सुवाच्य.' आग लागो त्या शेऱ्याला!

पुढे अंधपणाच्या दाखल्यासाठी जुनी नोंद हवी होती. सुंदरबाईचा नवरा, हिलालनाना, तिचा हात धरून घेऊन आला. तोतारामभाऊंनी मला उघडलं.

"डोयाले पान लागनं, आसं लिखेल शे ना, भाऊ?" तिनं विचारलं.

भाऊंचं बोट त्या दोन रेघांवर थांबलं. वाचायला काही नव्हतंच.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कोणी डॉक्टर होईल, कोणी कंपाउंडर. अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालेल. पण माणूस समोर बसू द्या, मग लिहा. कोणता डोळा, काय लागलं, कधी लागलं. सुंदरबाईनं हे सगळं सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी.