सप्तर्षी बघायचं भोक

विज्ञान संग्रहालयाच्या सुताराने सप्तर्षी टांगले होते, तेही अंतरं राखून. एका प्रकाशवर्षाला पाच सेंटिमीटर. मधले पाच तारे आपल्यापासून ऐंशीच्या आसपास, म्हणून त्यांचे लाकडी गोळे चार मीटरवर. टोकाचे दोघे मात्र फटकून राहणारे: मरीची एकशेचार, क्रतू एकशेतेवीस. ते पार मागे. बाजूने बघावं तर नुसता पसारा, पण समोरच्या फळीतल्या भोकाला डोळा लावला की आकाशातलाच आकार. शनिवारी तो जुळला तेव्हा सुतार स्वतःवरच खूश झाला होता.

सोमवारी बघतो तर मधले पाच जागच्या जागी, आणि हे दोघे दोन बोटं खाली घसरलेले. त्याने टेप लावला. अंतरं बरोबर, दोऱ्यांची लांबीही बरोबर. गोळे चुकले नसतील तर डोळाच चुकतोय. गेले काही महिने डाव्या डोळ्याला अंधूक दिसत होतं आणि ते त्याने घरीदेखील कळू दिलं नव्हतं. सुताराचा डोळा गेला म्हणजे मग राहिलं काय? अकराला संचालकबाई बघायला येणार होत्या.

शेवटी त्याने मेहुण्याला गाठलं. मेहुणा तिथलाच रंगारी, एरवी चेष्टेची एक संधी सोडणार नाही असा. डोळ्याचं ऐकून मात्र त्याने हातातला ब्रश खाली ठेवला. त्याने स्वतः भोकाला डोळा लावला.

"घसरलेत खरे. मलाही तसंच दिसतंय."

"तुलाही?" सुताराने पुन्हा एकदा भोकाला डोळा लावला.

"हो. पण भावजी, आपण दोघं वाकून का बघतोय?"

मग मेहुण्यानेच जीभ चावली. काल रंगवायला त्याने फळी उतरवली होती आणि बसवताना उलटी बसवली. भोक वीतभर खाली आलं होतं. डोळा खाली गेला की जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. पाच जण बरोबरीने वर सरकले, म्हणून जागच्या जागी वाटले; मागचे दोघे कमी सरकले, म्हणून तेवढेच घसरलेले दिसले.

फळी सुलटी केली. सातही जण मुकाट्याने आपापल्या जागी आले. सुतार डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"डोळ्याचं मी ताईला सांगणार नाही," मेहुणा हळूच म्हणाला.

"नकोच सांगू. आज संध्याकाळी मीच सांगतो," सुतार म्हणाला, "आणि उद्या तिला घेऊनच डॉक्टरांकडे जातो."