उजव्या चाकाचा खटका

सकाळपासून बाबांनी मला तीनदा आईच्या नावाने हाक मारली होती. आई जाऊन सहा वर्षं झाली.

बर्फाने खिंड बंद होती म्हणून शनिवारचं डायलिसिस हुकलं, मंगळवारचंही हुकलं. आज गुरुवार, खिंड सकाळीच उघडली होती. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "नीट बोलतात का?" मी म्हटलं, "बोलतात, पण भलतंच." ते म्हणाले, "मग आज आणा. आजचं हुकलं तर हृदय दगा देईल." त्यात बाबांच्या लोकरी झग्याच्या खिशात मला खजुराच्या बिया सापडल्या. किडनी गेलेल्या माणसाने खजूर खायचा नसतो, हे माझ्या शाळेतल्या पहिलीच्या पोरांना सांगितलं तरी कळेल. मी इतकी चिडले की बिया तशाच त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी त्या परत खिशात टाकल्या.

जीप त्यांचीच. तीस वर्षं या खिंडीवरून त्यांनी तिच्यातून माणसं, मेंढ्या आणि वऱ्हाडं नेली. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक गोल खटका आहे. बर्फात शिरण्याआधी खाली उतरून दोन्ही खटके हाताने फिरवून लावायचे, मग आतला दांडा ओढायचा, तेव्हा कुठे चारही चाकं जोर लावतात. एक जरी खटका मोकळा राहिला तरी पुढची दोन्ही चाकं नुसती सोबतीला येतात. पलीकडे कोरडं डांबर लागलं की खटके उघडायचे, नाहीतर गियर दळले जातात. हे मी चालायला लागल्यापासून ऐकत आलेय.

अंगणात मी डावा खटका लावला. उजवीकडे वळले तर बाबा पायरीवर बसलेले, तोंड राखेसारखं. त्यांना काखेत धरून वर चढवलं, पायांवर घोंगडी टाकली, दार लावलं आणि निघाले.

खिंडीखालच्या अडसरापाशी हद्दू होता. बाबांच्या वेळचा माणूस. काचेतून त्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चारही चाकं लागलीत ना, तुडा?"

"लागलीत," मी म्हटलं आणि दांडा ओढून दाखवला.

"उतारावर ब्रेकच्या वाटेला जाऊ नकोस. चारही चाकं चढवतात सगळ्यांना, थांबवत कुणालाच नाहीत."

"ठाऊक आहे काका. बाबांनी पाळण्यात सांगितलंय."

त्याने अडसर उचलला. मी घड्याळ बघितलं, मग बाबांकडे, मग परत घड्याळ. त्या दिवशी माझी नजर एका जागी ठरतच नव्हती.

तिसऱ्या वळणावर बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "लंगडतेय."

"कोण?"

"ही. पुढचे पाय ओढत नाहीयेत."

सकाळी ते म्हणाले होते की कोंबड्या गादीत शिरल्यात. मी म्हटलं, "बरं, झोपा आता."

"खटके लावलेस?"

"लावलेत."

"दोन्ही?"

"बाबा, मी शाळेत मास्तरीण आहे. दोनपर्यंत मोजता येतं मला."

पुढच्याच वळणावर गाडीचं ढुंगण दरीकडे सरकलं. मी सुकाणू फिरवलं, काही उपयोग झाला नाही. मागचं चाक कडेच्या बर्फाच्या ढिगाऱ्यात रुतलं आणि आम्ही थांबलो. ढिगाऱ्यापलीकडे काहीच नव्हतं.

 खाली उतरले, डावं चाक बघितलं, खटका लागलेला. उजवं बघितलं. मोकळा. इथवरचा सबंध चढ मी दोन चाकांवर चढून आले होते, आणि बापाला झोपा म्हणून सांगत होते. खटका गोठून घट्ट बसला होता. पक्कड लावून, वर दगड मारून एकदाचा फिरवला. हाताचं सालटं निघालं ते मला नंतर कळलं.

आत आले तेव्हा बाबा म्हणाले, "उजवा होता ना?"

"हो."

"हळू सोड क्लच. रेस नको."

चारही चाकांनी गाडी त्या ढिगाऱ्यातून गुमान बाहेर आली. खिंडीच्या माथ्यावर बाबा म्हणाले, "आता बारका गियर, पहिला. ब्रेक विसर." आणि मान छातीवर टाकून गप्प झाले.

उतार नऊ किलोमीटरचा. खाली काचेसारखा बर्फ आणि माझा उजवा पाय ब्रेककडे ओढ घेणारा. शेवटी बूट काढून पाय गाडीच्या तळाच्या गार पत्र्यावर सपाट दाबून धरला. इंजिन गुरगुरत गाडीला आवरत होतं, चालत्या माणसाच्या वेगाने. मला उडून जायचं होतं आणि गाडीला घाई नव्हती.

"बाबा, बोला ना काही. चुकतेय मी, ओरडा."

काही नाही.

"खजूर कोणी दिले तुम्हाला? हद्दूकाकांनीच ना?"

मग मीच त्यांच्या आवाजात बोलत राहिले. ब्रेक विसर. वळणाआधी दम घे, वळणात नाही. सुकाणूला मिठी मारू नकोस. एका हाताने गाडी, दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट धरायचा मोह होत होता. दोन्ही हात सुकाणूवरच ठेवले. नाडी लागली नसती तर मी काय केलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही.

बर्फ संपला, डांबर लागलं. खटके उघडायला मी थांबले नाही. चाकं कुरकुरत होती, सुकाणू हाताला जड लागत होतं, तशीच पंधरा किलोमीटर हाणली आणि दवाखान्याच्या दारात उभी केली. तिथल्या दोघांनी बाबांना उचलून आत नेलं.

चार तास मी बाहेरच्या ओट्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. मग नर्सने आत बोलावलं. डायलिसिस संपून यंत्र बंद झालं होतं. बाबांनी डोळे उघडले, माझ्याकडे नीट बघितलं.

"तुडा," ते म्हणाले. आईचं नाव नाही. "डांबर लागल्यावर खटके उघडलेस?"

"नाही."

"किती आलीस तशी?"

"पंधरा किलोमीटर."

"खाल्लीस माझी गाडी. जा, आधी उघडून ये."

मी बाहेर आले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसावंसं वाटत नव्हतं. चिखलात गुडघे टेकून उजवा खटका उघडला. मग डावा. मग उठून परत उजवीकडे गेले आणि हात लावून बघितला.