पाठीवरची अर्धी साडी

मी अर्धीच साडी बोलतेय. उरलेली अर्धी लायबेरियात राहिली, त्यामुळे माझी कहाणीही थोडी तुटकच असेल. सांभाळून घ्या.

बेळगावच्या शहापुरातल्या मागावर मालुबाईच्या भावानं मला विणलं. हिरवं अंग, लाल काठ. बहीण परदेशी निघाली तेव्हा त्यानं मला तिच्या ओटीत घातलं. तिचा नवरा तिकडे लाकडाच्या गिरणीत मेकॅनिक होता. तिथलीच शेजारीण मार्था माझा काठ चाचपून हसायची. ती स्वतःच्या पोरांना फडक्यानं पाठीवर बांधून सगळी कामं उरकायची.

मग तिथं यादवी पेटली. कालपर्यंत माणसं ज्यांच्या दारात मीठ मागायला जायची, त्यांचीच घरं आता जाळू लागली. मी पडले कापड, मला कारण कळलं नाही. त्यांना तरी कळलं होतं की नाही, कोण जाणे.

नवरा बंदरावर अडकलेला, मालुबाई हिवतापानं फणफणलेली आणि लेक पूर्णिमा जेमतेम चार वर्षांची. मार्थानं मला ओढून घेतलं, पोरीला पाठीवर बांधलं आणि मालुबाईला हाताला धरून बंदर गाठलं. बोटीवर फक्त परदेशी लोकांना घेत होते. मालुबाईनं काठ दातांनी तोडून मला मधोमध फाडलं आणि अर्धी मार्थाला दिली. तिच्यापाशी द्यायला दुसरं काही नव्हतं.

बेळगावात परतल्यावर खासबागेतल्या बायकांनी विचारलं, "एवढ्या लांबनं पोरीला कसं आणलंस गं?"

"मीच पाठीला बांधून," मालुबाई म्हणाली. मार्थाचं नाव काढलं असतं, तर तिचं पुढं काय झालं हेही सांगावं लागलं असतं.

पूर्णिमा आता पत्रकार आहे. त्या बालपणावर पुस्तक लिहितेय. परवा तिनं मला ट्रंकेतून काढलं आणि आईपुढं उशी ठेवली.

"आई, कसं बांधलतंस मला, दाव की. तसंच लिहिते."

मालुबाईनं उशी पाठीशी धरली, मला पुढून आवळलं. उशी पडली. पुन्हा बांधली, पुन्हा पडली. तिच्या हातांना ती गाठ ठाऊकच नव्हती.

"ऱ्हाऊ दे आई, हात दुखत असतील."

"हात न्हाईत गं दुखत." मालुबाई खाली बसली. "मी न्हाय बांधलं तुला. मार्थानं बांधलतं. तिला तितंच सोडून आलो आमी."

पूर्णिमानं वही पुढं ओढली. मग म्हणाली, "आडनाव काय तिचं?"

"कधी इचारलंच न्हाय."

आता पुस्तकाच्या पहिल्याच पानावर मार्था आहे, आडनावाशिवाय. मी टेबलावर पडून असते. वाचकहो, हिरव्या अंगाची, लाल काठाची, एका टोकाला फाटलेली अर्धी साडी तुम्हाला कुठं दिसली, तर जिच्यापाशी ती असेल तिला एवढंच सांगा. पोरगी पोचली.